टाकीतला भाडेकरू

हसू नका राव, पण आमच्या घरातल्या माशांच्या टाकीत अॅनिमोनी ठेवायचा की नाही, हे माझ्या सासऱ्यांनी ठरवलं.

टाकी समुद्राच्या पाण्याची, आत मी जिवापाड जपलेली कोरलं, म्हणजे जिवंत प्रवाळ. बायकोला त्यात अॅनिमोनी हवा होता. दिसतो फुलासारखा, पण आहे प्राणी. मनाला येईल तिकडे सरकतो आणि वाटेतल्या कोरलला डंख मारतो. मी नकोच म्हणत होतो. तेवढ्यात सासरे आले. त्यांच्या मारुंजीत खोल्या आहेत, आयटीतल्या पोरांना भाड्यानं देतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "फॅमिली हाय का बॅचलर?"

"एकटाच असतो, मामा."

"आन् शेजाऱ्यांना तरास देतो? मग न्हाई ठिवायचा."

मी खूश! तर बायको म्हणाली, "आबा, पण ही केशरी माशांची जोडी त्याच्यातच राहायला जाईल."

"जोडी हाय? मग आधी न्हाई का सांगायचं! आणा."

आणला. महिनाभर शहाण्यासारखा एका दगडाला चिकटून बसला. मग एका सकाळी बघतो तर मधोमध फाटून एकाचे दोन झालेले! त्यांच्यात असं होतं म्हणे.

सासऱ्यांनी काचेला नाक लावलं. "एकाला ठिवला व्हता. ह्यो दुसरा कोन?"

"मामा, बाहेरचा नाही, त्याच्यातूनच झालाय."

सासरे माझी कीव करत हसले. "जावईबापू, समदे हेच सांगत्यात. 'काका, माझा सख्खा भाऊच हाय!'"