गालावरचा व्रण

आईचा फोटो मोठा करून घ्यायला मी स्टुडिओच्या बाकावर बसले होते. माझ्या आधी दोघी बहिणींचा नंबर होता. फोटोवाला त्यांना त्यांच्या वारलेल्या थोरल्या बहिणीचा फोटो संगणकावर दाखवत होता.

"गालावरचा व्रण पुसून टाकलाय, बघा."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं, दादा?" धाकटीने विचारलं.

"गेलेल्या माणसाच्या फोटोत आम्ही न सांगताच पुसतो. आजवर कुणाची तक्रार नाही."

"माझी आहे. होता तसा परत आणा."

"अगं, असू दे ना. किती छान दिसतेय आक्का."

"छान दिसतेय, ताई. पण आक्का दिसत नाहीये."

"भाऊजी येतील, त्यांची नजर जाईल. त्यांना काय वाटेल?"

"मारताना वाटलं नाही, ते आता वाटू दे."

"मला भांडायचं त्राण नाही गं आता. येणारा-जाणारा विचारेल, हे कशाचं म्हणून."

"विचारू दे की. ती इतकी वर्षं पावडर थापून झाकत होती, तेव्हा कुणी विचारलं नाही. आपणसुद्धा नाही."

"मग काय करू, ताई? पुसलेला ठेवू?" फोटोवाल्याने मोठीला विचारलं.

"नको," मोठीच म्हणाली. "परत आणा. आणि फोटो जरा मोठा काढा."