लोटनआबांच्या वावराची माती

...आणि म्हणे शेजाऱ्याला माफ करावं! का करावं? तुम्हाला सांगते, ज्याच्या खतापायी माझी चंद्री, दोन्ही वेळ बादली भरून दूध देणारी म्हैस, नाल्याचं पाणी पिऊन भरदुपारी चारी पाय ताणून पडली, त्या लोटनआबांना माफ करू? मी सोडणाऱ्यातली नाही!

कसा होता आमचा नाला! तळातले गोटे दिसायचे. आणि त्या वर्षी? हिरवागार! वर शेवाळाची जाड साय, वास असा की... जाऊ द्या, तुम्ही जेवून आलात. जनावरांचा डॉक्टर म्हणाला, "ज्योत्स्नाताई, वाचली म्हैस, पण हे पाणी पाजू नका. वरून कोणाचं तरी खत वाहून येतंय." कोणाचं तरी! वरच्या अंगाला एकच केळीची बाग, लोटनआबांची! डीएपी खत असं उधळायचे जणू लग्नातल्या अक्षता, आणि पाऊस आला की बठ्ठं, सगळंच्या सगळं, नाल्यात!

गेले सांगायला. आबा ओट्यावरून म्हणतात कसे, "पानी उताराकडे वाही जास, मी काय त्याले बांधी ठेवू?"

घरी आमचे हे, अमृतराव, "जाऊ दे ना गं, शेजार आहे, बोअरचं पाणी पाज." पाज! रोज वीस बादल्या ओढणार कोण, तुम्ही? छे! मी सोडणाऱ्यातली नाही!

आबा भाचीच्या लग्नाला चाळीसगावला गेले आणि मी खुरपं घेऊन त्यांच्या बागेत! आठ जागची माती, वीतभर खोल, कालवून अर्धा किलो पिशवीत. माती परीक्षणाच्या कागदावर नाव आबांचं, मोबाईल नंबर माझा. रिपोर्ट आला... स्फुरद, म्हणजे त्या डीएपीत असतं तेच, अत्यंत जास्त! मी तो कागद आधी देवापुढे ठेवला हो!

मग ग्रामसभेत माईक ओढूनच घेतला. "यांच्या वावरात आधीच ढीगभर स्फुरद, तरी वरून पोती ओततात, आणि उरलेलं आमच्या म्हशी पितात!" सगळं गाव वळून बघतंय, आबांचे कान लालबुंद! काय गार वाटलं म्हणून सांगू! आता ओरडतील, माती चोरली म्हणतील... मी उत्तरं पाठ करून गेलेली!

तेवढ्यात कृषी सहाय्यक मेघाताई उठल्या. "आबा, दोन वर्षं डीएपी बंद. आणि नाल्याच्या काठाने दहा हात रुंद गवताचा पट्टा लावा, वाहती माती तिथेच अडेल."

आबा उठले, थेट माझ्यासमोर. मी पदर खोचला. तर म्हणतात, "पोरी, तू मनं भलं करं. दहा वरीस मी आंधळासारखं खत टाकं."

माझं भलं केलंस म्हणे! अहो, भांडा ना! मी इतकी तयारीनिशी आलेली!

खरंच लावलं हो गवत. दुसऱ्या पावसाळ्यात नाला निवळला, केळी तशीच जोमात, आणि तालुक्याला आबांचा सत्कार. शाल कोणी घालायची? मी! का, तर म्हणे प्रेरणा माझी!

आणि ते गवत... कंबरेएवढं, लुसलुशीत! चंद्रीने बांधावरून एकदा तोंड मारलं, तेव्हापासून कडब्याला शिवत नाही. म्हणून रोज सकाळी विळा घेऊन मीच त्यांच्या ओट्याशी उभी, "आबा, दोन पेंढ्या नेऊ का?"

"ने ना पोरी. पन मुळासकट उपाडू नको, माती नालामा जाई!"

मला शिकवतात! मला! ...आणि मी मुकाट्याने वरवर कापते हो. काय करता, म्हशीला कुठे सूड कळतो!