चौथ्या ओळीतली वाटी

शिंपी : आत येऊ का बाई? खिडकीतून धड ऐकू येत नाही.

लॅबवाल्या बाई : या. फक्त कशाला हात लावू नका. वहिनी कशा आहेत?

शिंपी : ताप हटत नाही. आज मला ओळखायलाही वेळ लागला तिला. पोटाचं ऑपरेशन म्हणे झकास झालं, आणि रक्तात शिरली काय, तर बुरशी! ती भिंतीला येते हो, माणसाला?

बाई : भिंतीवरची नव्हे ती. यीस्ट, बुरशीचीच एक जात. आणि ही भलतीच चिवट निघाली. दादा, पहिलं औषध नऊ दिवस फुकट दिलं ते माझ्या रिपोर्टवरून. मशीनने तिला साधी यीस्ट ठरवलं, मी डोळे झाकून सही केली. माझं चुकलं.

शिंपी : कळलंय मला. परवा भांडायलाच आलो होतो. तुमचं तोंड बघितलं आणि राहून गेलं. मग ते दुसरं औषध?

बाई : एकट्या त्याने यीस्ट मारायची तर इतकं द्यावं लागेल की किडन्या जातील. म्हणून दोन्ही एकत्र करून बघतेय. ही प्लेट बघा. शहाण्णव इवल्या वाट्या आहेत, प्रत्येकीत वहिनींच्या रक्तातली यीस्ट. उजवीकडे पहिलं औषध वाढत जातं, वरच्या बाजूला दुसरं. गढूळ दिसली तर यीस्ट जिंकली. स्वच्छ असेल तर औषध.

शिंपी : गढूळच आहे की बहुतेक सगळं.

बाई : वरच्या ओळी स्वच्छ आहेत, पण तेवढा डोस त्यांना सोसायचा नाही. आता ही चौथी ओळ बघा. ही एवढी एकच वाटी. दोन्ही औषधं बेताची, सोसतील अशी, आणि स्वच्छ! सकाळपासून मला चहासुद्धा सुचला नाही. आता वर वॉर्डात डॉक्टरांना फोन करते, आजच सुरू करतील.

शिंपी : (प्लेटवर वाकून) थांबा. जरा तिरकी करा उजेडात. तळाला काय आहे ते?

बाई : कुठे?

शिंपी : पांढऱ्या कापडावर पांढरा टाका दिसतो ना, तसं. बारीक.

बाई : (प्लेट उजेडात तिरकी धरून) थांबा, बघते.

शिंपी : बोला की.

बाई : आहे. वाढलीय तिथेही.

शिंपी : म्हणजे हेही चालायचं नाही?

बाई : नाही.

शिंपी : मग फोन?

बाई : काय सांगू फोनवर, दादा? तिसरं औषध आमच्याकडे नाहीच.

शिंपी : मी बोललोच नसतो तर?

बाई : तर आणखी चार दिवस फुकट गेले असते. आणि वहिनींच्या हातात तेवढेही नाहीत.

शिंपी : बाई, तुम्हीच परत एकदा नीट बघा ना. माझ्या नजरेचं काय घेऊन बसलात? सुईत दोरासुद्धा बायकोच ओवून देते मला.