कॅसेटमधला खोकला

सिल्लोडच्या स्टँडवर औरंगाबादच्या एसटीची वाट बघत होतो. रांगेत माझ्यापुढं एक म्हातारं धनगर जोडपं होतं.

“पोरानं सोताची गाणी भरून कॅसेट धाडली, अन् तू भाकरी बांधून त्याला बघाया निघालीस!”

“समदी रडकीच गाणी हायेत. सोनाजी कंपनीत सुखात नाय.”

“अगं, गाणी तशीच आसत्यात.”

“मग ती ऐकताना तुमी मेंढरांकडं तोंड करून डोळे का पुसले?”

“चाल लई गोड हाय म्हणून. एवढं दुखतंय तर रोज कशाला लावतीस?”

“गाण्यासाठी नाय लावत. दुसऱ्या गाण्याआधी त्यो खोकतो बघा, तेवढंच मागं फिरवून ऐकते.”

“व्हय का? तरीच तिथं कॅसेट खरखरायला लागली. मला वाटलं, मी एकटाच फिरवतो.”