ओट्यावरचा वजनकाटा

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या उगवती क्रीडा मंडळाचा भक्कम आधार असलेले माननीय शरीफभाई, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, रोहा आणि अष्टमीतून अगत्याने आलेले पालक, मंडळाच्या आजी-माजी कबड्डीपटू मुली, आणि व्यासपीठावर खुर्ची मांडून ठेवलेली असताना खाली मुलींच्या घोळक्यात जाऊन बसलेल्या आमच्या सत्कारमूर्ती हौसामावशी! आपणा सर्वांना मंडळाचा चिटणीस पुंडलिक याचा सविनय नमस्कार.

शरीफभाईंनी मला पाच मिनिटं दिली आहेत. मागच्या वर्षी त्यांची स्वतःची पाच मिनिटं चहा थंड होईपर्यंत चालली होती, त्यामुळे मी निर्धास्त आहे.

मावशी उद्या पेणला, खाडीकाठच्या आपल्या गावी परत चालल्या. आठ वर्षांपूर्वी त्या इथे आल्या त्या कबड्डीसाठी नव्हे. त्यांची बहीण कंपनीत शिफ्टला जायची, घरात लहान भाची, आपली भूमिका. तिला सांभाळायला कोणीतरी हवं म्हणून मावशी आल्या. भूमिका सरावाला येऊ लागली तशा मावशीही येऊ लागल्या, आणि मैदानाच्या कडेला लाल खुर्ची टाकून बसू लागल्या. मी एकदा म्हटलं, "मावशी, घरी जाऊन आराम करा की." त्या म्हणाल्या, "हितं काय मी डोंगर फोडतंय? बसलीय तर हाय." मला वाटलं, बाईंना करमत नसेल. माणूस ओळखण्यात मी किती हुशार आहे, त्याची ही सुरुवात.

आता खरी गोष्ट. ती सांगायची परवानगी मी आधी घेतली आहे. ज्या मुलीची ही गोष्ट आहे, ती जिकरा परवा मला म्हणाली, "सर, नाव घेऊन सांगा. नाहीतर तुम्ही ती गोड करून सांगाल." तर मंडळी, गोड न करता सांगतो.

सहा वर्षांपूर्वी आम्ही बाहेरून एक प्रशिक्षक आणले. नाव घेत नाही. मोठमोठ्या संघांबरोबर राहिलेला माणूस, शिट्टी वाजवली की मैदान सरळ व्हायचं. आम्ही समितीवाले तर त्यांच्यापुढे असे उभे राहायचो, जणू आमचीच निवड चाचणी आहे. किशोरी गटात वजनाची मर्यादा असते, हे आपण जाणता. प्रशिक्षकांनी वजनकाटा सामानाच्या खोलीत नेला, आणि तिथे ते एकेका मुलीला बोलावून, दार लावून वजन करू लागले. वजन वाढलं की जेवण बंद. आम्ही म्हणालो, वा, काय शिस्त आहे!

आणि निवड चाचणीला तीन आठवडे उरले असताना आमची सर्वांत चपळ चढाईपटू, पंधरा वर्षांची जिकरा, यायची बंद झाली.

मी काय केलं असेल? मी विचारलं का, की बाळ, काय झालं? छे! मी मनाशी धरून चाललो, की घरच्यांनी अडवलं. मुलगी मोठी झाली, त्यांच्यात नसेल चालत. हे मला कोणी सांगितलं होतं? कोणीही नाही. ते माझ्याच डोक्यातून आलं होतं. मी मिठाईचा बॉक्स घेतला, सोबत हौसामावशींना घेतलं, आणि पूल ओलांडून अष्टमीला जिकराच्या घरी आमनाभाभींना समजवायला गेलो.

अर्धा तास बोललो. मुलींनी खेळलं पाहिजे, काळ बदलला आहे, समाजाने पुढे आलं पाहिजे. भाभींनी सगळं ऐकलं, चहा दिला, आणि म्हणाल्या, "भाई, आमी कुठं अडवलंय? तिच्या अब्बांनी कतारहून मॅटवरचे बूट पाठवलेत, ते बघा, कपाटावर हायत. तीच जात नाय म्हणते. तुम्ही तिला विचारलं काय?"

मंडळी, मी वर पाहिलं. बूट खरंच कपाटावर होते.

मावशी एव्हाना तिथे नव्हत्याच. त्या मागच्या पडवीत जिकराशेजारी बसून शेंगा सोलत होत्या. काय झालं, असं त्यांनी विचारलंसुद्धा नाही. शेंगा संपत आल्या तेव्हा जिकरा आपणहून म्हणाली, "सर दार लावतात. मला नाय आवडत."

एवढंच. परतताना पुलावर मावशींनी मला सांगितलं. मी म्हणालो, "पण मावशी, तसं काही घडलंय का? नुसत्या दार लावण्यावरून एवढ्या मोठ्या माणसाला कसं बोलायचं? चाचणी होऊ दे, मग बघू." मावशी पुलाच्या मधोमध थांबल्या. म्हणाल्या, "नाय आवडत म्हणाली ना पोर? मग झालं. आनखी काय घडायची वाट बघतोस तू?"

दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो, तर वजनकाटा मैदानाकडेच्या उघड्या ओट्यावर! मावशींनी एकटीने तो खोलीतून ओढून आणला होता. प्रशिक्षक तावातावाने विचारू लागले, हा काय प्रकार? मावशी लाल खुर्चीत बसल्या होत्या. बसूनच म्हणाल्या, "आमच्या मिठागरावर मीठ बंद खोलीत नाय मोजत. देनारा हवा, घेनारा हवा, आनि बघनारा तिसरा हवा. मिठाला येवढं, तर पोरींना नको?"

मंडळी, आपल्या खाडीकाठची ही रीत मी लहानपणापासून पाहत आलो होतो. ती इथे लावायची, हे माझ्या पदवीधर डोक्यात आलं नव्हतं.

त्या दिवसापासून वजन ओट्यावर, दोन बायकांच्या समोर, आणि वजनाआधी भाकरी खाल्ली का हा प्रश्न. आठवडाभरात प्रशिक्षक राजीनामा देऊन निघाले. मी सुटकेचा निःश्वास सोडला, तर मावशी पुढ्यात हजर. "हितून गेला म्हंजे दुसऱ्यांच्या पोरींत जानार. पत्र लिव." जिकराला आणि भाभींना विचारून मी जिल्हा संघटनेला पत्र लिहिलं. माझ्या चिटणीसपदाच्या काळातलं तेवढं एकच पत्र मला तोंडपाठ आहे.

जिकरा परत आली, कतारचे बूट घालून. चाचणीत आमचं काय झालं? पेणला पहिल्याच सामन्यात एकतीस गुणांनी आपटलो! परतीच्या गाडीत मुली अशा गात होत्या की कासू स्टेशनवर लोक विचारू लागले, कोणता कप जिंकलात? जिकराने चार वडापाव खाल्ले आणि म्हणाली, "मावशी, वजन?" मावशी म्हणाल्या, "आता गप खा."

आज जिकरा प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण करून आपल्याच किशोरी संघाची प्रशिक्षक झाली आहे. समितीत मी उत्साहाने म्हणालो, "आता मावशींच्या खुर्चीची गरज नाही, आपली जिकराच आहे." त्यावर जिकरा काय म्हणाली ते ऐका. "सर, मी असले तरी खुर्ची पायजे. मी चांगली हाय, हे पोरींनी कशावरून धरून चालायचं?" तेव्हा उद्यापासून त्या लाल खुर्चीशेजारी आणखी एक खुर्ची टाकून रोज दोन पालक बसतील. यादी दाराशी लावली आहे, नाव घातल्याशिवाय कोणालाही जेवण नाही. शरीफभाई, तुमचा मंगळवार.

मावशी, शाल आणि श्रीफळ तुम्ही घ्याल, पण आमच्या मनातलं त्यात मावत नाही. तुम्ही चाललात याचं मला फार वाईट वाटतं. संध्याकाळी मैदानात शिरताना माझी नजर आधी त्या खुर्चीकडे जाते, ती यापुढेही जाईल.

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण मन लावून ऐकलंत, सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कोणाचं नाव राहिलं असेल, कमीजास्त शब्द गेला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. मात्र त्या दिवशीची माझी चूक पोटात घालू नका. ती या मंडळातल्या प्रत्येक नव्या माणसाला सांगा. आणि जिकरा, सहा वर्षं उशीर झाला, पण तेव्हा तुला विचारायचं राहिलं, ते आज सगळ्यांसमोर विचारतो. बाळ, हे सगळं सांगितलेलं तुला आवडलं ना? नाही म्हणालीस, तरी मी ऐकेन.