काकूच्या स्वप्नातली आई

स्वप्नाचं काय सांगता, आमच्या काकूचं ऐका. तिची स्वप्नं इतकी खरी असायची, की एकदा काकांनी स्वप्नात म्हैस विकली म्हणून उठल्यावर तिनं त्यांना जेवायलाच वाढलं न्हाई.

आम्ही तवा भोकरदनला राहायचो. बहात्तरच्या दुष्काळात विहिरीच्या पाण्यावरून आईचं अन् काकूचं भांडण झालं, ते वर्षभर बोलणं बंद. अन् एका सकाळी काकू सरळ येऊन आमच्या चुलीपाशी बसली.

"जाऊबाई, काल तुम्ही घरी येऊन एवढ्या रडल्या, माझ्या जिवाला लागलं बघा. चूक माझीबी होती. चला, चहा ठेवा."

मी चाट पडलो. आई आदल्या दिवशी तापानं अंथरुणातून उठलीच नव्हती! मी ते सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात आई म्हणाली, "हो, आल्ते. राहवलं न्हाई मला." अन् तिनं आधण ठेवलं.

दोघी पोटभर बोलल्या. काकू गेल्यावर मी विचारलं, "आई, तू कधी गेल्तीस?"

"न्हाई गेले," आई म्हणाली, "पण जायला पाहिजे होतं."