हरवलेल्या काकांचं पोस्टर

अरे, माझ्या डिझाइनचं कौतुक नको, मला शेजारचे काका आठवतात. तेव्हा ते घरचा पत्ताही विसरायचे. एकदा सकाळी निघाले ते परतलेच नाहीत. काकू फोटो घेऊन आल्या, "हरवल्याचं पोस्टर कर रे."

मी वर्षभर पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे बॅनर करणारा. हाताच्या सवयीने काकांना गोरं केलं, दाढीचे खुंट काढले, केस काळे केले. सगळे म्हणाले, "एक नंबर!"

दोन दिवसांनी काका सापडले, कळवा स्टेशनबाहेर, त्याच पोस्टरखाली बसलेले. तिथला चहावाला आम्हाला म्हणाला, "दोन दिवस मीच यांना चहा देतोय. पण पोस्टरमधले साहेब वेगळे ना?"

काकू माझ्यावर ओरडल्यासुद्धा नाहीत. पोस्टर काढून घडी घालत म्हणाल्या, "लग्नातही हे इतके देखणे नव्हते रे."